जावयाच्या गॅरेजमधला प्रेस

गणपती विसर्जन झालं आणि चौथ्या दिवशी आम्ही दोघं लेकीच्या बाळंतपणासाठी विस्कॉन्सिनला निघालो. तिथं गेल्यावर बायको बाळंतिणीत गुंतली आणि मी जावयाच्या गॅरेजमध्ये. जावई आमचे निपाणीचे. नोव्हेंबरच्या शेवटी तिकडं हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो. त्यासाठी त्यांच्याकडं .३०८ ची रायफल आहे आणि तिची काडतुसं ते घरीच भरतात. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मामा, मला काडतुसं भरायचा नवा प्रेस घ्यायचाय. तुमचं आयुष्य प्रेसवरच गेलंय की ओ, कुठला घेऊ सांगा."

बेळगावच्या उद्यमबागेत, तिसऱ्या गेटच्या पलीकडं माझं पॉवर प्रेसचं शॉप आहे. ३१ वर्षं झाली. बंदुकीची ओळख मात्र खानापूरकडच्या आजोळापुरतीच. आजोबांकडं रानडुकरांपासून भात राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती; निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आपल्याकडं परवान्याशिवाय काडतूस तयार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळं इथं कुणी या वाटेला जाऊ नये. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला बनवायचं असेल तर लागतो.

काम मला समजलं ते असं. बार उडाल्यावर पितळी पुंगळी फुगून बाहेर येते. तिला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून परत मापात आणायचं, बुडातली जुनी टोपी (ठोका बसला की पेटते ती) काढून नवी बसवायची, बंदुकीची दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. हँडल खाली ओढलं की रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा दांडा, पुंगळीला घेऊन वर डायमध्ये शिरतो. खरा जोर लागतो तो मापात आणताना. डायचे आटे बहुतेक सगळ्या कंपन्यांचे एकच, ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे. प्रेस बदलला तरी डाय त्याच चालतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्याकडं एका मशीनची टूल दुसऱ्याला बसवताना निम्मा दिवस जातो.

त्यांचा जुना प्रेस एका मित्रानं दिलेला होता. अ‍ॅल्युमिनियमचा, समोरून उघडा, इंग्रजी सी अक्षरासारखा. त्यांची तक्रार अशी की एकाच डायमधून निघालेल्या पुंगळ्या एकसारख्या येत नाहीत. काही रायफलच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खोबणीत) अलगद बसतात, काहींना रायफलचा बोल्ट (मागची कडी) लावताना अडतं. ते डायवर संशय घेत होते. मला बघताक्षणी फ्रेमचा वास आला. सी फ्रेमचा पॉवर प्रेस जोराखाली तोंड उघडतो, हे आमच्याकडं पोरगं शिकायला येतं तेव्हा पहिल्या महिन्यात शिकतं.

डायल गेज (एका घराला शंभरांश मिलिमीटर दाखवणारं काट्याचं माप) मागवला. मॅग्नेटचा स्टँड अ‍ॅल्युमिनियमला कुठला चिकटतोय! शेजारी लोखंडी व्हाईस होता, त्यावर उभा केला आणि टोक फ्रेमच्या माथ्यावर टेकवलं. जावयांनी तेल लावलेली पुंगळी ठेवून हँडल ओढलं. काटा १५ घरं सरकला, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. पुंगळी बाहेर काढली तसा परत शून्यावर. दुसरी पुंगळी जरा कमी तेलाची होती, तिला काटा २१ वर गेला. जावई काही न बोलता काट्याकडंच बघत राहिले. फ्रेम तेवढी ताणली की पुंगळीचा खांदा, म्हणजे तोंडाखालचा उतार, तेवढा कमी मागं जातो. तेल कमी, जोर जास्त, ताण जास्त. माप डायमध्ये होतं, ते फ्रेममध्ये हरवत होतं.

म्हणून पहिली अट ठरली: बिडाची फ्रेम आणि चारी बाजूंनी बंद.

आता जात कुठली घ्यायची. एका वेळी एकच डाय लागणारा साधा प्रेस, चार डायची फिरती थाळी असलेला टरेट, आणि प्रोग्रेसिव्ह, ज्यात प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस पडतं. जावयांचं मन डिलन कंपनीच्या ५५० या प्रोग्रेसिव्हवर गेलेलं. यंत्र म्हणून ते सुंदरच आहे. दर आठवड्याला पिस्तुलाच्या शेकडो गोळ्या झाडणाऱ्यानं तेच घ्यावं. पण यांना वर्षाला फार तर २०० काडतुसं लागतात. प्रोग्रेसिव्हमध्ये एकाच ओढीला चार ठिकाणी चार कामं चालतात आणि लक्ष चारीकडं ठेवावं लागतं. त्यांच्या घरात आता तान्हं बाळ, रात्रीची झोप नाही. दारू कमी पडली, जास्त पडली, काय झालं हे थकलेल्या डोळ्यांना कळणार कसं? साध्या प्रेसवर ५० पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या, सगळ्यांत दारू घालायची आणि गोळी लावायच्या आधी बॅटरी मारून सगळ्यांत एकदा डोकवायचं. एखादीत पातळी वर-खाली असेल तर तिथंच दिसते. मी हट्टानं हेच सांगितलं.

दारू ग्रेनमध्ये तोलतात. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे एक गुंज जेमतेम दोन ग्रेन. इथं एका ग्रेनचेही दहा भाग करून मोजतात. किती घालायची ते छापील पुस्तकात असतं, तिथं कुणाच्या अंदाजाचं काम नाही.

शेवटी दोन राहिले, आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर आणि ली कंपनीचा क्लासिक कास्ट, दोन्ही साधे प्रेस. दोन्ही बिडाचे, दोन्ही बंद फ्रेमचे, दोन्ही नातवाच्या हयातीपर्यंत टिकतील असे. मी लीचा घ्यायला लावला तो एका गोष्टीसाठी. त्याचा रॅम पोकळ आहे. जुनी टोपी आतूनच खाली जाते आणि नळीतून थेट बाटलीत पडते. उडालेल्या टोपीच्या काजळीत शिसं असतं. ती फरशीवर सांडली तर चपलेला लागून घरात यायची, आणि काही महिन्यांनी पोर रांगायला लागणार.

प्रेस आला. नुसत्या लाकडात पिळायच्या स्क्रूवर तो बसवायचा नाही म्हणून सांगितलं. दीड इंचाच्या फळीला आरपार भोकं पाडली, खालून लोखंडी पट्टी दिली आणि बोल्ट आवळले. परत गेज लावला. काटा तीन घरं हलला. जावयांनी २० पुंगळ्या सलग काढल्या, वीसच्या वीस चेंबरमध्ये एकसारख्या बसल्या.

परत यायच्या आदल्या दिवशी गॅरेजच्या दारावर मी मराठीत कागद चिकटवला. लेकीनं त्याचा फोटो काल पाठवलाय, कागद अजून तिथंच आहे. "टेबलावर दारूचा एकच डबा. काम झालं की ओलं फडकं, झाडू नाही. हात साबणानं धुऊन, सदरा बदलून मगच बाळाला घ्या."