खांबावरची खाच

ऑगस्ट २०२१. महाडमध्ये आमच्या सर्वेक्षण चमूकडे एकच काम होतं. जुलैच्या पुराचं पाणी कुठपर्यंत चढलं त्या खुणा शोधायच्या आणि लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावून समुद्रसपाटीपासूनची त्यांची उंची काढायची. घाई होती ती गणपतीची. १० सप्टेंबरला चतुर्थी, आणि कोकणात त्याआधी घराला रंगाचा हात फिरतोच. हात फिरला की खूण गेली.

२२ जुलैच्या रात्री सावित्री आणि गांधारी दोन्ही गावात शिरल्या. वर महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. सावित्री उगम पावते ती तिथेच. त्यात खाडीची भरती महाडपर्यंत जाणवते. भरतीच्या वेळी नदीचं पाणी खाली सरकत नाही, तुंबतं आणि बाजारपेठेत पसरतं. त्याच पावसात तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली होती. त्यामुळे कुणाच्याही दारात स्टाफ, म्हणजे लेव्हलची मोजकाठी, घेऊन उभं राहताना आधी दोन शब्द बोलावे लागत, मोजमाप मागाहून.

खूण ओळखणं सोपं नसतं. बाहेरच्या भिंतीवर लाटांनी रेघ वरखाली होते. मातीच्या भिंतीत ओल चढत जाते, म्हणून ओलीचा डाग पाण्याच्या खऱ्या पातळीपेक्षा वर दिसतो. सगळ्यात भरवशाची रेघ बंद खोलीत मिळते: फडताळाच्या आत, तसबिरीमागे, कोनाड्यात. पाण्यावर रॉकेल किंवा तेलाचा तवंग असेल तर ती काजळानं ओढल्यासारखी असते.

त्या दिवशी चवदार तळ्याच्या बाजूनं लेव्हल पुढे नेत आम्ही एका जुन्या घरापाशी आलो. तळ्यावर २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाची आठवण दरवर्षी लोटणाऱ्या गर्दीत जिवंत असते. तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, त्या हक्कावर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब १७ मार्च १९३७ ला. या तारखा महाडची शाळकरी पोरंही सांगतात. पुरांच्या बाबतीत मात्र मला गावात धड कोरलेली एक रेघ दिसली नव्हती, आणि ते मनाला लागलं होतं.

घरात रंगारी चुन्याची बादली कालवत होता. मी घाईनं आत गेलो.

"आजी, भिंत दोन मिनिटं तशीच राहू द्या."

"भिंतीचं काय घेऊन बसलास, बाळा? खांब बघ."

माजघरातल्या सागवानी खांबावर दोन आडव्या खाचा होत्या, पटाशीनं मारलेल्या. खालची त्यांच्या सासऱ्यांच्या हातची, वरची २००५ ची, यजमानांनी मारलेली. आजींनी दोन्हींवर बोट ठेवून सांगितलं, "पाणी या खाचेला आलं की पेटी माळ्यावर. या वरच्या खाचेला आलं की माणसं माळ्यावर. यंदा आम्ही वेळेत वर गेलो ते यामुळंच."

पेटी म्हणजे सातबारा, रेशनकार्ड, दागिने. मी इतकी वर्षं पूरपातळ्या मोजतोय, पण पातळीचा असा रोजच्या जगण्यातला अर्थ कुणी मला सांगितला नव्हता. आमच्या तक्त्यात असतात ते मीटर आणि त्यांचे दशांश.

यंदाची खाच मारायची राहिली होती. यजमान आता नाहीत, आणि पाणी नेमकं कुठवर होतं यावर घरात एकमत नव्हतं. देवाच्या कोनाड्यात गाळाची स्वच्छ रेघ मिळाली. रंगाऱ्याकडं गवंड्याची लेव्हल पाइप होती, पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिचं एक टोक त्यानं कोनाड्याशी धरलं, दुसरं मी खांबाशी. पाणी थांबलं तिथं पेन्सिल टेकवली. २००५ च्या खाचेपेक्षा हातभर वर. नातवानं पटाशी लावली.

ठोके ऐकून शेजारचे काका आले. त्यांचं म्हणणं, त्यांच्याकडं पाणी याहून वर होतं. जाऊन पाहिलं तर तो ओलीचा डाग निघाला. गिलावा खरवडल्यावर खरी रेघ खाली सापडली, लेव्हलनं तपासली तर या खाचेशी जुळली. काकांना ते पटायला चहा लागला.

तिन्ही खाचांच्या उंच्या मी वहीत उतरवल्या. तक्त्यात खाचेसाठी रकाना नव्हता, म्हणून शेऱ्यात लिहिलं: "सागवानी खांब, माजघर, तीन पूरखुणा, रंगकामानं पुसणार नाहीत." अशा खाचा आणखी घरांत असणार; त्यांची नोंद व्हावी आणि एसटी स्टँड, शाळा, बाजार इथं त्याच उंचीवर दगडी पट्ट्या बसाव्यात, असं मी अहवालात आग्रहानं मांडलं.

निघताना आजींनी विचारलं, "माळ्याची फळी या नव्या खाचेपासून किती वर आहे?"

मोजून सांगितलं. त्या क्षणभर हिशोब करत राहिल्या आणि नातवाला म्हणाल्या, "पेटी इथं नको. काकांच्या स्लॅबवरच्या खोलीत ठेवून ये, आजच."