मुंडाशातलं पत्र

गेल्या दिवाळीत नातवाने टीव्हीवर एक जुना मेक्सिकन सिनेमा लावून दिला. ‘एल आनाल्फाबेतो’, म्हणजे ‘निरक्षर’. साल १९६१, दिग्दर्शक मिगेल देल्गादो, नायक कांतिंफ्लास. ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’मधला पासपार्तू तो हाच. यात तो इनोसेन्सिओ नावाचा अडाणी माणूस आहे. त्याला पत्र येतं. काका त्याच्यासाठी वीस लाख पेसो ठेवून गेलेला असतो, पण याला अक्षर ओळखता येत नाही आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नाही. आधी शिकेन, मग वाचेन! म्हणून स्वारी शाळेत जाते, पोटासाठी बँकेत हरकाम्या होते.

हसता हसता मी आपल्या शाळेच्या ओसरीवर येऊन पोचलो.

सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. (मेक्सिकोत तर १९४४ सालीच, शिकलेल्याने निदान एका निरक्षराला शिकवावं, असा कायदा केला होता म्हणे.) जेवणं उरकली की कंदील घेऊन मोठी माणसं यायची. गुरुजी एकटे कुठे कुठे पुरणार? मग आम्हा सातवीच्या पोरांनाही एकेक जण वाटून दिला. माझ्या वाट्याला आमच्या आळीतले एक मामा आले. बैलाचं शेपूट पिरगाळणारा तो हात, पेन्सिल धरली की तुटायचीच. ‘क’ला ते ‘पोट फुगलेला’ म्हणत आणि जोडाक्षर आलं की माझ्याकडे असं बघत, जणू मीच ते मुद्दाम घातलंय.

त्यांचा थोरला मुंबईला गिरणीत होता. एके दिवशी त्याचं पत्र आलं. मामांनी ते मुंडाशात खोचलं आणि बारा दिवस कुणाला हात लावू दिला नाही. पोस्टमनलाही नाही, मलाही नाही. रोज रात्री काढायचे, दोन ओळी लावायचे, परत खोचायचे.

तेराव्या रात्री शेवटची ओळ लागली. ‘रविवारी येतो. ट्रंक जड आहे, गाडी घेऊन स्टँडवर या.’

तो रविवार होऊन चार दिवस झाले होते. थोरला शेजारीच बसला होता. चार मैल ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आलेला. मजकूर सांगायला त्याने कितीदा तोंड उघडलं असेल.

“तू गप,” मामा म्हणायचे. “मी वाचतोय न्हवं?”