आधी रेडा शोधा

तुम्ही विचारलंत म्हणून. पारावर किंवा देवळामागं टेकवून ठेवलेली झिजलेली देवी महिषासुरमर्दिनीच, म्हणजे रेड्याच्या रूपातल्या असुराला मारणारी देवी आहे, हे ओळखायचं कसं? कोल्हापुरात हा प्रश्न हमखास येतो.

बहुतेक जण आधी हात मोजतात आणि तिथंच गडबड होते. पुढचे हात दगडातून सुटे कोरलेले असतात, त्यामुळं तेच आधी तुटतात. शिवाय आकडा ठरलेला नाही. चार, आठ, बारा असे कितीही असतात. वणीच्या सप्तशृंगीला तर अठरा.

नजर आधी पायाशी न्या. एक पाय खाली रोवलेला आणि दुसरा उचलून दाबलेला असेल, तर त्याखालचा फुगीर भाग रेड्याची पाठ आहे का ते बघा. तोंड झिजलं तरी मागं वळलेल्या शिंगाची कड बऱ्याचदा उरते. वरून तिरकी उतरणारी जाड दांडी म्हणजे त्रिशूळ. तो मागच्या दगडाला जोडूनच ठेवलेला असेल, तर हात गेला तरी टिकतो.

काळाचा अंदाजही रेडाच देतो. मथुरेच्या कुषाणकालीन (इ. स. च्या सुरुवातीच्या शतकांतल्या) मूर्तींत तो पुरता जनावर आहे. मध्य प्रदेशातल्या उदयगिरीच्या 6 क्रमांकाच्या गुहेतही तसाच. तिथल्या लेखाचा काळ इ. स. 401-402. महाबलीपुरमला 7 व्या शतकात माणसाचं धड आणि रेड्याचं डोकं. पुढं मुंडकं उडालेल्या मानेतून माणूस निघू लागतो. देवीमाहात्म्य या पोथीत असुर रेड्याच्या तोंडातून अर्धा बाहेर येतो, शिल्पकारांनी मान निवडली. फार मोठी कल्पकता आहे ही: पडलेलं मुंडकं आणि निसटू पाहणारा असुर, दोन्ही क्षण एकाच दगडात बसतात.

नुसत्या सिंहावरून ठरवू नका. आपल्या अंबाबाईमागं सिंह आहे. हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), गदा, ढाल, पानपात्र. रेडा मात्र नाही. नवरात्रात अष्टमीला महिषासुरमर्दिनीची पूजा बांधतात, ते त्या दिवसाचं रूप. आणि बरगड्या दिसणारी, प्रेतावर बसलेली देवी असेल तर ती चामुंडा.

शेंदराची पुटं खिळ्यानं खरवडू नका, शिंगाची उरलेली कडही निघून जाते. खडू, पीठ, तेलही लावू नका. अंधार पडल्यावर बॅटरी कडेनं, दगडालगत धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं.