आधी पैसे, मग नकार

बुटांच्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटरमागे काढली. आता ते काम सोडलंय आणि माझी स्वतःची निम्म्याहून जास्त खरेदी मोबाइलवर होते. त्यामुळे 'ऑनलाइन बरं की दुकान बरं' हा विषय निघाला की दोन्हीकडचे लोक मला आपल्या बाजूला ओढतात. स्वस्त कुठे, लवकर कुठे, यावर तासभर सहज जातो. मला त्यात फारसा रस नाही. भाव आज इथे कमी, उद्या तिथे. मला फरक दिसतो तो वेगळाच: वस्तूला 'नको' कधी म्हणायचं. दुकानात नको आधी म्हणून होतं, आणि त्यातून जे उरतं त्याचे पैसे द्यायचे. ऑनलाइन पैसे आधी जातात, वस्तू घरात येते आणि मग नकोचा विचार सुरू होतो.

बुटांचंच सांगते, कारण तेच मला कळतं.

गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "आठ नंबर दाखवा." आम्ही हो म्हणायचो आणि तरीही पाय मोजायचो. तोही उभं करून. अंगाचं वजन पडलं की पाऊल पसरतं, बसून घेतलेलं माप कमी भरतं. दोन्ही पाय मोजायचे, कारण एक बहुधा दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा निघतो, आणि बूट काढायचा तो मोठ्याच्या मापाने. मोजायला धातूचा तो सरकत्या पट्ट्यांचा पाट असायचा. १९२०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या, बुटांच्याच दुकानदाराच्या मुलाने तो बनवला आणि आजही त्यात फारसा बदल झालेला नाही. त्यावर लांबी आणि रुंदी तर कळतेच, पण तिसरं एक माप मिळतं: टाचेपासून अंगठ्याच्या बुडाशी जे हाड पुढे येतं तिथपर्यंतचं अंतर. चालताना पाऊल वाकतं ते तिथे. बुटानेही तिथेच वाकायला हवं. दोन माणसांच्या पावलांची लांबी अगदी सारखी असली तरी हे अंतर वेगळं असू शकतं, आणि मग एकाला मऊ वाटलेला बूट दुसऱ्याला चावतो.

हे झालं की लेस नीट बांधून चालायला लावायचं, गालिच्यावर नाही, फरशीवर. टाच आतून सुटते का? करंगळीच्या बाजूला चामडं फुगतं का? "ठीक वाटतंय" असं गिऱ्हाईक म्हणायचं तेव्हा आमचं लक्ष त्याच्या तोंडाकडे नसायचं, पायाकडे असायचं. दिसायला झकास असलेले कितीतरी जोड असे पाच मिनिटांत बाद होऊन खोक्यात परत जायचे. कुणाचं काही गेलेलं नसायचं. आमची वाकून वाकून कंबर गेली, ती सोडा.

ऑनलाइन या सगळ्याच्या जागी एक आकडा असतो. आणि हा आकडा लोकांना वाटतो तेवढा पक्का नाही. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत तो सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. पायऱ्याच वेगवेगळ्या उंचीच्या, तेव्हा एका पद्धतीतला नंबर दुसरीत नेताना कुठेतरी ओढाताण होणारच. त्यात भर म्हणून ज्या साच्यावर बूट ओढून बसवतात तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. एकीचा ४२ दुसरीच्या ४२ ला भावासारखा भेटेल असं समजायचं काही कारण नाही. म्हणून ऑनलाइन बूट घेताना मी नंबराचा नाद सोडते. संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून जरा सुजलेले असतात तेव्हा, कागदावर उभी राहते, पेन्सिल सरळ धरून पावलाची रेघ काढते आणि मिलिमीटरमध्ये मोजते. कंपनीने पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये दिली नसेल तर तिथून मागवतच नाही.

आता दुकानाच्या नकाराचं फार कौतुक झालं. तो वाटतो तितका फुकट नसतो, आणि हे काउंटरच्या आतून पाहिलेलं आहे.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती दुकानात रोज दिसते. विकणाऱ्याने तुमच्या पायाशी बसून सहावं खोकं उघडलं की तुम्हाला उठून जाणं जड जातं. हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. 'मी आतून बघून येते' म्हणून गोदामातून न मागितलेले आणखी दोन जोड घेऊन यायचं, ही सेवा वाटते; पण त्यातला अर्धा भाग म्हणजे समोरच्यावर चढवलेलं ओझं. भिडस्त माणूस शेवटी काहीतरी घेऊनच जायचा. तो जोड त्याच्या घरी कपाटातच राहणार, हे त्याच्या चालीवरून आम्हाला तिथेच कळायचं.

ही भीड कमी करणं हा एकेकाळी मोठा धंद्याचा शोध होता. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये पुष्कळ दुकानांत पाऊल टाकलं की काहीतरी घ्यावं अशीच अपेक्षा असे, आणि भाव गिऱ्हाईक बघून ठरे. अरिस्तीद बुसिको १८५२ साली 'बों मार्शे' या दुकानात भागीदार झाला आणि त्याने ते पुढे वाढवलं ते वेगळ्या रीतीवर: प्रत्येक वस्तूवर ठरलेली किंमत, आत या, हवं तेवढं फिरा, काही घेतलंच पाहिजे असं नाही, आणि नेलेलं आवडलं नाही तर परत आणा. नुसतं बघून निघून जायचा जो हक्क आपण जन्मसिद्ध समजतो, तो असा कुणीतरी धंदा वाढावा म्हणून दिलेला आहे.

न बघता विकत घेण्याची गोष्टही इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. ॲरन माँटगोमेरी वॉर्डने शिकागोत १८७२ साली टपालाने माल विकायला सुरुवात केली. त्याच्या पहिल्या यादीला एकच कागद पुरला होता. त्याच्यापुढे अडचण तीच होती, की लांब राहणारं गिऱ्हाईक हात न लावता पैसे का पाठवेल? उत्तर त्याने १८७५ मध्ये छापलं: पसंत पडलं नाही तर पैसे परत. न पाहता विकायचं तर नकाराची वेळ पुढे ढकलावी लागते, हे तेव्हाच ठरून गेलं.

बुटांच्या बाबतीत यातला सगळ्यात गमतीचा किस्सा झॅपोस या अमेरिकी ऑनलाइन बूटविक्री कंपनीचा. निक स्विनमर्नने १९९९ मध्ये बूट ऑनलाइन विकून पाहायचं ठरवलं तेव्हा त्याच्याकडे माल नव्हता. तो बुटांच्या दुकानांत गेला, तिथल्या जोडांचे फोटो काढून त्याने वेबसाइटवर टाकले, आणि मागणी आली की त्याच दुकानातून तो जोड पूर्ण किमतीला विकत घेऊन पाठवायचा. पुढे कंपनी नावारूपाला आली ती परत पाठवण्याच्या सोयीवर. मुदत थेट ३६५ दिवसांची, आणि पाठवण्याचा खर्चही कंपनीचा.

म्हणजे मोजमापाची ती पाच मिनिटं कुठे गेली? ती तुमच्या घरी आली. युरोपीय संघाच्या कायद्याने हे सरळ लिहूनच ठेवलंय. ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता नाकारता येते, पण हाताळायची तेवढीच, जेवढी दुकानात हाताळू दिली असती. कपडा अंगाला लावून बघा, घालून मिरवू नका. घर हीच आता कपडे घालून बघायची खोली. विकणारा तेवढा तिथे नसतो. भीड नाही, तसा पायाकडे बघणाराही कुणी नाही.

आणि इथला नकार तोंडाने देऊन भागत नाही. खोकं जपून ठेवलेलं हवं, चिकटपट्टी सापडायला हवी. तळव्याला धूळ लागू नये म्हणून मी बूट अंथरलेल्या चादरीवर चालून बघते, ज्यावर बुटाचं खरं काही कळत नाही. मग ॲपमध्ये कारण निवडा. 'टाच सुटते' असं कारण तिथे नसतं; 'मोठा झाला' असतं किंवा 'लहान झाला' असतं. मग माणूस येईल त्या वेळेत घरी थांबा. दुकानात लाज आड यायची, इथे आळस येतो. कपाटात पडून राहणारा जोड दोन्हीकडे तयार होतोच.

परत गेलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते आपल्याला दिसत नाही. आमच्या दुकानात बाद झालेला जोड त्याच संध्याकाळी दुसऱ्याच्या पायात जायचा. प्रवास करून परत आलेली वस्तू उघडा, तपासा, पुन्हा बांधा, हे विकणाऱ्याला दरवेळी परवडत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये न विकलेले कपडे आणि पादत्राणे नष्ट करण्यावर बंदी आणणारा नियम केला, त्यात गिऱ्हाइकाने मुदतीत परत केलेला मालही धरलाय. तसं घडत असल्याशिवाय कुणी नियम करत नाही.

तरीही मोबाइलला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या गेट्सहेड इथे जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या बाईंनी टीव्हीच्या रिमोटवरून टेस्को दुकानातला किराणा घरबसल्या मागवला. मायकेल ऑल्ड्रिचने १९७९ मध्ये टीव्ही आणि टेलिफोनची तार जोडून जी युक्ती काढली होती, तिच्यावर तो प्रयोग चालला होता. म्हाताऱ्या माणसांसाठीच होता तो. ज्यांना घराबाहेर पडणं कठीण, त्यांच्यापुढे 'दुकानात हात लावून घेण्याची मजा' या गप्पा मारू नयेत. शिवाय मोठ्या पायाच्या बायका आमच्याकडे नंबर सांगताना आवाज खाली आणायच्या, ते मी पाहिलंय. आकडा ऐकून विकणाऱ्याच्या भुवया जरा जरी हलल्या तरी त्यांना दिसायचं. मोबाइलला भुवया नाहीत.

सध्या वाद आहे तो दुकानात माप घेऊन ऑनलाइन मागवणाऱ्यांचा. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधल्या एका दुकानाने 'नुसतं बघायचे' ५ डॉलर लावले होते. खरेदी केली तर बिलातून वजा. जगभर लोक हसले. मी हसले नाही, पण मला ते पटलंही नाही. नुसतं बघायला पैसे घेतले की बुसिकोच्या आधीची भीड परत दारात उभी. मोजायचे मात्र घ्यावेत. पाय मोजून, चालवून, तीन जोड बाद करून दिले की त्या कामाचं वेगळं बिल करा, आणि मापाची चिठ्ठी मिलिमीटरमध्ये लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. मग त्याने बूट कुठूनही मागवावेत. आमच्या मालकांना मी हे तेव्हाही सुचवलं होतं. ते म्हणाले, "आधी ती खोकी लाव."