भारद्वाज : नावांच्या वहीतील चौथी नोंद

टिटवी, होला आणि साळुंकी या तीन नावांच्या नोंदी पुऱ्या झाल्यावर गेले दोन महिने मी भारद्वाजावर काम करीत आहे. सांगलीत हा पक्षी शोधावा लागत नाही. हरिपूरच्या रस्त्याने संगमाकडे निघाले की उसाच्या बांधावर तो सकाळी हमखास भेटतो, आणि दिसला नाही तरी रिकाम्या घागरीत कोणी बोलावे तसा त्याचा ‘कूप्-कूप्-कूप्’ आवाज फडातून घुमत राहतो. पक्षी ओळखण्यात अडचण नव्हतीच. अडचण नावात निघाली, आणि पहिल्याच आठवड्यात लिहिलेली एक ओळ मला खोडावी लागली.

ती ओळ अशी होती : ‘भारद्वाज – मूळ संस्कृत भरद्वाज, अर्थ तोच.’ अर्थ तोच नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या सिंहादिवर्गात, म्हणजे पशुपक्ष्यांच्या नावांच्या भागात, ‘व्याघ्राटः स्याद्भरद्वाजः’ असे आहे, आणि मोनिअर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात या दोन्ही शब्दांचा अर्थ चंडोल असा दिला आहे. चंडोल म्हणजे माळरानावरचा मातकट रंगाचा, गात गात आभाळात चढत जाणारा लहानसा पक्षी. आपला भारद्वाज दीड फुटाच्या आसपास लांबीचा, काळाभोर, विटकरी पंखांचा, लालबुंद डोळ्यांचा आणि उडण्यापेक्षा झुडपांतून चालत जाणेच पसंत करणारा. या दोघांची गल्लत पाहून होण्यासारखी नाही. त्याच अमरकोशात रानकापशीला ‘भारद्वाजी’ म्हटले आहे, ऋषी आणि गोत्र तर सर्वांना ठाऊकच आहेत; म्हणजे संस्कृतातून मराठीत हा शब्द आला तो पक्षी बदलून आला. नावावरून जुन्या ग्रंथातला पक्षी परस्पर ठरवून टाकू नये, हा नियम मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

बोलीतील नावे गोळा करणे मला अधिक आवडते. बांधावर वैरण कापणाऱ्या एका आजोबांना मी विचारले, “आबा, ह्या पक्ष्याला तुमच्याकडं काय म्हणत्यात?” ते विळा न थांबवता म्हणाले, “त्यो व्हय? कुंभारकावळा की.” इतरत्र याच पक्ष्याला सोनकावळा आणि कुकुडकुंभा ही नावेही आहेत. कुंभाराचा संबंध पंखांच्या भाजलेल्या मडक्यासारख्या रंगाशी असावा, असे मला वाटते; कुकुडकुंभ्यात मात्र रंगापेक्षा आवाजच अधिक ऐकू येतो. हे दोन्ही माझे तर्क आहेत आणि वहीत ते पेन्सिलीनेच लिहिले आहेत.

कर्नाटकाच्या सीमेलगतच्या जतकडच्या एका कन्नडभाषक स्नेह्यांनी ‘केंबूत’ हे नाव सांगितले. त्यातील ‘केम्’ म्हणजे तांबडा. मोर नाचला म्हणून केंबूतही नाचू लागला, अशा अर्थाची म्हण कन्नडमध्ये आहे. आपल्याकडे सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार म्हणून घरातली माणसे एकमेकांना बोलावून दाखवतात, आणि तासाभराच्या अंतरावर तोच पक्षी वेड्या अनुकरणाचे उदाहरण होतो. त्या म्हणीतील केंबूताचे भाषांतर नुसते ‘भारद्वाज’ असे केले, तर मराठी वाचकाला तिची खोच लागणारच नाही.

इंग्रजीतील ‘क्रो-फेझंट’ हे जुने नाव दोन्ही अंगांनी चुकीचे आहे, कारण हा पक्षी कावळाही नाही आणि फेझंट म्हणजे कोंबडीच्या कुळातला शिकारीचा पक्षीही नाही. नवखे इंग्रज त्याला फेझंट समजून मारीत आणि मग त्याचे मांस बेचव लागे. तो कोकिळेच्या कुळातला आहे, तरी अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालत नाही. स्वतःचे घरटे बांधून पिल्ले स्वतःच वाढवतो. शास्त्रीय नावातील ‘सायनेन्सिस’ म्हणजे चीनचा, कारण 1815 साली स्टीफन्स या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने या जातीला नाव दिले ते चीनमधील पक्ष्यावरून. ‘सेंट्रोपस’ म्हणजे पायाला आर, म्हणजे टोकदार काटा, असलेला.

या आरेपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. इंग्रजीतील ‘कुकल’ हे आजचे नाव फ्रेंचमधून आले असून ते ‘कुकू’ आणि ‘आलुएत’ या दोन शब्दांच्या जोडातून बनले असावे, असे मानतात. कुकू म्हणजे कोकिळेच्या कुळातला पक्षी आणि आलुएत म्हणजे चंडोल. कारण पायाच्या मागच्या बोटाचे नख : ते चंडोलासारखे लांब आणि जवळजवळ सरळ असते. म्हणजे संस्कृतात ज्याचे नाव भरद्वाज होते तो चंडोल फ्रेंच नावातही याच पक्ष्याच्या पायाशी बसलेला आहे. मराठीत नाव सरकले तेही नखामुळेच, असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही, पण हे वाचल्यावर मी तीन सकाळी केवळ ते नख पाहण्यासाठी हरिपूरला गेलो. तिसऱ्या दिवशी पंख पसरून ऊन खात बसलेला एक भारद्वाज बांधावरून खाली उतरला आणि ओल्या सरीतून चालू लागला, तेव्हा दुर्बिणीतून ते काळे, लांब नख चिखलातून वर निघताना अगदी स्वच्छ दिसले.

मागच्या रविवारी जतच्या माळावर एका दगडावर बसलेल्या चंडोलाचे नखही पाहून आलो. वहीत त्याच्या पानावर आता ‘व्याघ्राट, भरद्वाज’ असे लिहिले आहे आणि पुढे बाण काढून या नोंदीचा पान क्रमांक दिला आहे.