पाय पटेलचे दोनशे सत्तावीस दिवस

माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला दर वर्षी नववीच्या वर्गात तेच भांडण नव्याने भांडावे लागते. आठवीपर्यंत मुलांनी वर्तुळाचा परीघ काढताना पायची किंमत २२/७ घेतलेली असते, आणि नववीत ‘वास्तव संख्या’ या प्रकरणात त्यांना सांगावे लागते की पाय ही अपरिमेय संख्या आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या गुणोत्तरात ती लिहिताच येत नाही. मग २२ आणि ७ हे पूर्णांक नव्हेत काय, असे एखाद्या मुलाने विचारले तर वर्ग जागा आहे असे मी समजते. बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. दोन्ही विधाने वहीत एकाखाली एक उतरवली जातात, दोन्हींना परीक्षेत गुण मिळतात आणि मुले दहावीत जातात.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. खिडक्या उघडल्या की पलीकडच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा खडखडाट आत येतो, त्यामुळे इथल्या प्रत्येक शिक्षकाचा आवाज कायमचा चढलेला असतो. १४ मार्चचा पाय दिवस (महिना ३, तारीख १४, म्हणून ३.१४) आम्हाला साजरा करता येत नाही, कारण त्या दिवसांत शाळा दहावीच्या बोर्डाचे केंद्र असते आणि आम्ही सगळे बैठकव्यवस्था व पर्यवेक्षण यांत अडकलेलो असतो. म्हणून आमचे गणित मंडळ २२ जुलै, म्हणजे २२/७, ही तारीख धरते आणि त्या दिवशी भित्तिपत्रकांची स्पर्धा घेते. परीक्षक बाहेरून बोलवायचा असा दंडक आहे. त्या वर्षी शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. नारळ, शाल, प्रास्ताविक हे सगळे यथासांग झाले.

भित्तिपत्रके नेहमीसारखीच होती. थर्माकोल कापून केलेला, रुपेरी चमकी लावलेला पाय आणि त्याच्याभोवती दशांश चिन्हानंतरचे शेकडो अंक, असा नमुना दर वर्षी चार-दोन जण तरी आणतात. पायचे शंभर अंक पाठ म्हणून दाखवणारे मूलही असतेच आणि पालक त्याचे चित्रीकरण करतात. मला या पाठांतराचा मनापासून कंटाळा आहे. पाय म्हणजे परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर, ही एक ओळ ज्याला सुताची गुंडी आणि वाटी घेऊन दाखवता येत नाही, त्याने शंभर अंक म्हणून काय साधले?

एका कोपऱ्यात नववीतल्या एका मुलीचा ड्रॉइंग पेपर लावलेला होता. तिचे वडील मागावर कामाला, आई विड्या वळणारी, घरची भाषा तेलुगू. वर मोठ्या अक्षरांत ‘पाय पटेलच्या नावातले गणित’ असे शीर्षक होते. ही गोष्ट तिला आमच्या मराठीच्या सरांकडून कळली होती. सर बदली तासाला कादंबऱ्या सांगतात, स्वतःचा अभ्यासक्रम मागे पडला तरी सांगतात, आणि त्यावरून स्टाफरूममध्ये आमचे खटके उडतात. पण ते सांगतात उत्तम, हे मान्य केलेच पाहिजे.

कादंबरी म्हणजे यान मार्टेल या कॅनडातील लेखकाची २००१ साली आलेली आणि पुढच्या वर्षी बुकर पारितोषिक मिळालेली ‘लाइफ ऑफ पाय’. तिचा नायक पाँडिचेरीतील एका प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्याचा मुलगा आहे. पॅरिसमधल्या एका पोहण्याच्या तलावावरून त्याचे नाव पिसिन मोलिटोर पटेल असे ठेवलेले असते आणि शाळेत त्या नावाची घाणेरडी चेष्टा होते. शाळा बदलताच पहिल्याच दिवशी हा मुलगा उठून फळ्याकडे जातो, आपले पूर्ण नाव लिहितो, त्यातल्या पहिल्या दोन इंग्रजी अक्षरांखाली (Pi) रेघ ओढतो, शेजारी ‘पाय = ३.१४’ असे लिहितो, एक मोठे वर्तुळ काढतो आणि त्याचा व्यास आखतो. प्रत्येक तासाला, प्रत्येक शिक्षकासमोर तो हेच करतो आणि चेष्टा थांबते. २०१२ च्या चित्रपटात हा मुलगा फळ्यांवर फळे अंकांनी भरतो. पुस्तकात मात्र दशांश चिन्हानंतर दोनच स्थळे आणि एक व्यास आहे. गणिताची शिक्षिका म्हणून मला पुस्तकच अधिक नेमके वाटते, कारण वर्तुळ आणि व्यास शेजारी असल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच नाही.

पुढे या मुलाचे जहाज प्रशांत महासागरात बुडते आणि जीवरक्षक नावेत एका वाघाच्या सोबतीने तो २२७ दिवस काढतो. २२७ आणि २२/७ यांतले साम्य अनेक वाचकांच्या लक्षात येते आणि बहुतेक जण तेवढ्यावर खूश होऊन थांबतात. ही मुलगी थांबली नव्हती.

कागदाच्या डाव्या बाजूला तिने दिवस मोजले होते. जहाज बुडाले २ जुलै १९७७ रोजी आणि नाव मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागली १४ फेब्रुवारी १९७८ रोजी, या दोन तारखा तिने सरांकडून पुन्हा विचारून घेतल्या होत्या. जुलैचे २९, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे १४, एकूण २२७. खाली बारीक अक्षरांत टीप होती: “बुडाल्याचा दिवस धरला नाही. धरला तर २२८ येतात.” दिवस मोजताना पहिला दिवस धरायचा की सोडायचा, यावर मोठी माणसे सर्रास अडखळतात. ज्या गावातून दाते पंचांग निघते, त्या गावच्या मुलीने ती बाब कागदावर नोंदवून ठेवली याचे मला फार कौतुक वाटले.

उजव्या बाजूला २२ भागिले ७ हा भागाकार होता, आणि तो तिने शेषांसकट पूर्ण लिहिला होता. हल्ली मुले शेष खोडून टाकतात, उत्तर तेवढे ठेवतात. हिने मात्र १, ३, २, ६, ४, ५ हे शेष एकाखाली एक ठेवले होते आणि त्यानंतर पुन्हा आलेल्या १ भोवती लाल स्केचपेनने गोल केला होता. शेष पुन्हा आला की अंकही पुन्हा येणार, म्हणून ३.१४२८५७ मधले १४२८५७ हे सहा अंक अखंड आवर्ती. सातने भागताना शून्य सोडून सहाच शेष शक्य असतात, त्यामुळे गाडी सहा स्थानकांच्या आत फिरून मूळ जागी येणारच. त्याखाली पायची किंमत ३.१४१५९२६५… अशी लिहिली होती आणि शेजारी ‘अखंड, पण अनावर्ती’ हे पाठ्यपुस्तकातले शब्द होते. सर्वांत खाली निष्कर्ष होता: “२२७ दिवस संपले. पाय संपत नाही. म्हणून २२७ म्हणजे पाय नाही.”

परीक्षक तिच्यासमोर आले, कागद वाचला आणि हसून म्हणाले, “बाळ, हे मराठीच्या सरांना दाखव. इथे गणित हवे होते.” मग बहुधा तिला बरे वाटावे म्हणून त्यांनी विचारले, “म्हणजे लेखकाने नाव चुकीचे ठेवले, असे तुझे म्हणणे?”

“नाव बरोबर आहे सर,” ती म्हणाली. “दिवस जास्तीचे आहेत. २२/७ हे पायपेक्षा थोडं मोठं असतंय. गोष्ट सांगताना माणूस थोडं जास्तच सांगतोय की.”

आजूबाजूची मुले हसली, परीक्षकही हसले आणि पुढच्या कागदाकडे वळले. गुणांच्या तक्त्यात ‘विषयाशी सुसंगती’ या रकान्यात तिला दहापैकी तीन पडले. पहिला क्रमांक चमकीवाल्या थर्माकोलला मिळाला, आणि समारोपाच्या भाषणात पाहुण्यांनी पायची ‘खरी किंमत’ २२/७ आहे असे माइकवरून सांगितले. माझ्या वर्गाच्या डोक्यातून जे काढायला मला जून-जुलै लागतात, ते पाच मिनिटांत पुन्हा रुजले. निवृत्त अधिकाऱ्यांना परीक्षक म्हणून बोलावण्याच्या प्रथेबद्दल मी मुख्याध्यापकांकडे लेखी मत दिले आहे, त्यावर अद्याप काही झालेले नाही.

‘खरी किंमत’ हे दोन शब्द मला विशेष खुपले, कारण आपल्याकडे ही बाब आठशे वर्षांपूर्वीच स्वच्छ सांगून झालेली आहे. ११५० सालच्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी परिघासाठी दोन किमती दिल्या. पहिली ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६, हिला त्यांनी सूक्ष्म म्हटले. दुसरी २२/७, हिला स्थूल म्हटले आणि ती व्यवहाराला चालते असेही सांगितले. गंमत अशी की पहिल्या किमतीतले आकडे त्या श्लोकात आकडे म्हणून येतच नाहीत. नक्षत्रे म्हणजे २७, नंद म्हणजे ९, अग्नी म्हणजे ३, आणि उजवीकडून डावीकडे मांडले की ३९२७. तसेच शून्यासाठी आकाश, पाचासाठी बाण, बारासाठी सूर्य, म्हणजे १२५०. नावात संख्या दडवणे हा ज्या परंपरेतला रोजचा रिवाज होता, त्या परंपरेतल्या अधिकाऱ्याला पाय पटेलचे नाव गणिताबाहेरचे वाटावे!

त्या रात्री मी कादंबरी पुन्हा काढली. मुलीचे विधान गणिताच्या बाजूने निर्विवाद आहे. आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती वर्तुळाच्या आत आणि बाहेर काढून दाखवले की पाय २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान असतो. म्हणजे २२/७ ही बाहेरची मर्यादा आहे आणि ती सुमारे ०.००१२६ ने जास्त भरते. एक मीटर व्यासाच्या चाकाला सव्वा मिलिमीटर. प्रश्न होता तो कादंबरीच्या बाजूचा. तिथे दोन गोष्टी सापडल्या. पाय स्वतःच सांगतो की समुद्रावर त्याने दिवस, आठवडे, महिने काहीच मोजले नाहीत आणि काळाचे भान सुटले म्हणूनच तो जगला. तेव्हा २२७ हा नावेत बसून मोजलेला आकडा नव्हे, दोन तारखांमधून काढलेला आहे, त्या मुलीने काढला तसाच. दुसरी गोष्ट चौऱ्याण्णवाव्या प्रकरणात आहे. वाघ निरोप न घेता जंगलात निघून गेल्याचे दुःख सांगता सांगता पाय म्हणतो की आपल्या टोपणनावातली एक गोष्ट आपल्याला मुळीच आवडत नाही, ती संख्या संपतच नाही. आणि आपली विस्कळीत कहाणी बरोबर शंभर प्रकरणांत सांगता येईल का, असे तो लेखकाला विचारतो. कादंबरी शंभर प्रकरणांचीच आहे. शाळेत ज्या संख्येने या मुलाला आसरा दिला, तिच्याबद्दल मोठेपणी त्याची तक्रार आहे, आणि म्हणून तो स्वतःभोवती संपणारे आकडे उभे करू पाहतो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे मराठीच्या सरांना सांगितले. त्यांचे म्हणणे असे की २२७ हे २२/७ आहे एवढे दिसले की प्रतीक पूर्ण झाले, दशांशात शिरण्याची गरज नाही. माझे म्हणणे असे की जुळते तिथे नुसती करामत दिसते, जुळत नाही तिथे माणूस दिसतो. आमचे एकमत झाले नाही. मात्र त्यांनी तो कागद मागून घेतला आणि आपल्या कपाटाच्या दारावर लावला.

मुलगी काही दिवसांनी माझ्याकडे आली ती वेगळाच प्रश्न घेऊन. जास्त सांगणारा अपूर्णांक मिळाला, तर कमी सांगणारा कोणता? छेद सात ठेवला तर २१/७ म्हणजे नुसते तीन उरतात, त्यात काही दम नाही, असे ती म्हणाली. मी तिला २२३/७१ दिला. तिने तो भागाकार हाताने केला, शेषांसकट. अंक ३५ स्थळांनंतर पुन्हा सुरू होतात, आणि तिने दोन पानांवर उभी रांग लावून तो परत आलेला शेष पुन्हा लाल केला होता.

मग तिने आपला मुद्दा मांडला. कादंबरीच्या शेवटी जहाज का बुडाले याची चौकशी करायला आलेले जपानी अधिकारी वाघाच्या कहाणीवर विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा पाय त्यांना प्राणी वगळून दुसरी कहाणी सांगतो, ज्यात स्वयंपाकी आहे, जखमी खलाशी आहे, आई आहे. ती दुसरी कहाणी म्हणजे २२३/७१, असे तिचे म्हणणे. एक जास्त सांगते, एक कमी सांगते आणि खरे काय झाले ते दोन्हींच्या मधे. मी तिला सांगितले की हे मला मान्य नाही. आर्किमिडीजने पाय त्या दोन मर्यादांच्या मधेच आहे हे सिद्ध केले होते. इथे सत्य मधेच आहे याची सिद्धता कोणी दिली? दुसरी कहाणी पूर्णपणे खरी असू शकते, पहिलीही असू शकते. ती म्हणाली, “मग मॅडम, दोन्हींत २२७ दिवस सारखेच कसे?” मी म्हटले, तारखा दोन्ही कहाण्यांना समान आहेत म्हणून. हे उत्तर तिला पुरेसे वाटलेले नाही, आणि सध्या ती सरांकडून पुस्तक घेऊन शेवटचा भाग डिक्शनरी शेजारी ठेवून स्वतः वाचते आहे.