बिनसलं तरी परत जमतं

आज दिवसभर डोक्यात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिकचा तो प्रयोग चालू आहे, 1970 च्या दशकातला. आई बाळाशी मस्त खेळत असते आणि मग ठरल्याप्रमाणे दोनेक मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवते, ना हसू ना बोलणं. बाळ आधी हसून बघतं, हातवारे करतं, आवाज काढतं, काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं आणि रडकुंडीला येतं. व्हिडिओ बघताना पोटात कालवतं. पण लोक बहुतेक इथेच थांबतात आणि मला वाटतं खरी गोष्ट पुढे आहे, आई परत पहिल्यासारखी बोलायला लागते तेव्हाची. बाळ लगेच खुश होत नाही, थोडं हसतं थोडं रुसलेलंच राहतं, आई समजूत काढते, मग हळूहळू दोघांचं जमतं.

आणि एरवी सगळं छान चालू असतानाही आई-बाळ जेमतेम 30 टक्के वेळच एका सुरात असतात, हेही ट्रॉनिकलाच दिसलं! बाकी वेळ चुकामूक आणि परत जुळवून घेणं. त्यामुळे सगळा दोष आईवर ढकलणं मला अजिबात पटत नाही.

म्हणजे बाळ शिकतं ते हेच की बिनसलं तरी परत जमतं, आणि जमवण्यात माझाही हात असतो. शब्द यायच्या आधीच हे अंगात मुरतं. ज्याच्या वाट्याला हे फारसं आलं नाही तो मोठेपणी थेरपीत आला तरी सांगणार काय, तशी आठवणच नसते ना, ते दिसतं अचानक गप्प होण्यात, थेरपिस्टने घड्याळाकडे नुसतं बघितलं तरी 'झालं, कंटाळली मला' असं वाटण्यात.

मानसशास्त्रज्ञ बिअट्रिस बीबी यांनी तर आई-बाळाचे व्हिडिओ सेकंदा-सेकंदाने तपासलेत. 4 महिन्यांचं बाळ, जास्त झालं की नजर वळवतं, जरा शांत होतं, परत बघतं. तेवढ्यात आई अजून जवळ गेली की ते अजून लांब जातं. मीही सेशनमध्ये बोलता बोलता खिडकीकडे बघत बसते, आणि माझी थेरपिस्ट तेव्हा काहीच विचारत नाही, थांबते. त्या थांबण्याने मला जेवढं बरं वाटलंय तेवढं कुठल्याच समजावण्याने नाही वाटलं.

मागच्या वेळी तिचं एक वाक्य लागलंय मला. या वेळी ते तिला सांगणार आहे, सांगितल्यावर आमच्यात काय होतं तेच तर बघायचंय.